खान्देशची केळी : एका पिकाची आणि पाण्याची गोष्ट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली, त्याबद्दल आधी सगळ्यांचं अभिनंदन. कमिटीने मला विषय निवडायची मोकळीक दिली. मी 'खान्देशची केळी' म्हटलं, तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, "भाऊ, रौप्यमहोत्सवात केळी कुठून आली?" त्यांना म्हटलं, शेवटपर्यंत बसा, मग सांगतो. आता तुम्हालाही तेच सांगतो.

आपण जळगाव जिल्ह्यातले. बाहेरगावी कुणी गाव विचारलं आणि आपण जळगाव म्हटलं, की समोरचा एक तर सोनं म्हणतो नाही तर केळी म्हणतो. राज्यात पिकणाऱ्या केळीत निम्म्याहून जास्त वाटा आपल्या एका जिल्ह्याचा आहे. जगातली साधारण चौथाई केळी भारतात पिकते. म्हणजे जगाच्या केळीच्या नकाशावर रावेर, यावल, सावदा, फैजपूर, चोपडा ही नावं ठळकच आहेत. पण हे झालं कसं? आणि तिकडेच का झालं, आपल्या चाळीसगावकडे तेवढं का नाही?

लोक म्हणतात, "तिकडची जमीनच केळीची." हे अर्धंच खरं आहे. केळीला काळी, भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते, आणि तापीकाठी तशी जमीन आहे. पण खरी गोष्ट जमिनीच्या खाली आहे. तापी नदी सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या मधल्या खोलगट पट्ट्यातून पश्चिमेला वाहते. हजारो वर्षं सातपुड्यावरून आलेली वाळू, गोटे, गाळ त्या पट्ट्यात साचत गेला. डोंगराच्या पायथ्याशी मोठाले दगडगोटे आणि रेती, पुढे नदीकडे बारीक गाळ. पायथ्याच्या या भागाला भूगर्भशास्त्रात 'बझाडा' म्हणतात. पाऊस पडला, नाले वाहिले, की पाणी या गोट्यांतून खाली मुरायचं आणि पुढच्या गाळाच्या थरात साठून राहायचं. म्हणजे रावेर-यावलच्या शेतकऱ्याच्या पायाखाली निसर्गाने एक मोठं धरणच बांधून ठेवलं होतं. त्याला भिंत नव्हती, दरवाजे नव्हते, आणि ते डोळ्यांना दिसत नव्हतं.

आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे खाली काळा पाषाण. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरुमात जेवढं पाणी थांबेल तेवढंच आपलं. म्हणून एकाच प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत एका बोअरला पाणी लागतं आणि दुसऱ्या बोअरमधून नुसता फुफाटा उडतो. हा अनुभव इथल्या बहुतेकांनी पैसे मोजून घेतलेला आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खान्देश म्हणजे कापूस, ज्वारी, बाजरी. विहिरीवर मोट चालायची. बैलाच्या पायावर जेवढं पाणी निघेल तेवढ्यात मळा व्हायचा. केळी तेव्हाही होती, पण परसात चार झाडं, सत्यनारायणाला खांब, सणाला पानं एवढीच. बाजारात नेण्यासाठी शेतभर केळी लावणं हा प्रकार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजला. त्यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागल्या.

पहिली रेल्वे. मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट आपल्या चाळीसगाववरून पाचोरा, जळगाव, भुसावळ, सावदा, रावेर, बऱ्हाणपूर, खांडवा अशी पुढे गेली आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे थेट कलकत्त्याच्या लाइनीला जोडली गेली. ही वाट नेमकी पुढच्या केळीपट्ट्याच्या मधून जाते. केळी हे नाशवंत फळ. घड कापला की घड्याळ सुरू होतं. तीन-चार दिवसांत माल दिल्लीला पोचला तर पैसा, नाही पोचला तर उकिरडा. रेल्वे दाराशी नसती, तर रावेरची केळी रावेरातच राहिली असती.

दुसरी गोष्ट म्हणजे जात. बसराई नावाची बुटकी केळी या भागाला मानवली. झाड ठेंगणं, म्हणून वाऱ्याला जरा टिकायचं. घड बारा-पंधरा किलोचा. मुंबईच्या बाजारात हिलाच 'भुसावळी केळी' म्हणायचे, कारण माल भुसावळकडून यायचा. लागवडीचे दोन हंगाम ठरले. पावसाच्या तोंडावर लावली ती मृगबाग, दिवाळीच्या आसपास लावली ती कांदेबाग. कडेने शेवरीची दाट रांग, म्हणजे उन्हाळ्यातलं तापलेलं वारं आडतं. हे शास्त्र कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही. ते वावरात पाहून-पाहून तयार झालं.

पण मंडळी, जमीन, पाणी, रेल्वे, जात हे सगळं असूनही एकटा शेतकरी दिल्लीला केळी पाठवू शकत नव्हता. वॅगन भरायला शेकडो घड लागतात. दोन एकरवाल्याकडे एका दिवशी तेवढा माल निघत नाही. वॅगन मागायची कुणी, भाडं भरायचं कुणी, दिल्लीच्या व्यापाऱ्याकडून पट्टी वसूल करायची कुणी? याचं उत्तर म्हणून गावोगावी फ्रूटसेल सोसायट्या उभ्या राहिल्या. सभासदांचा माल एकत्र करायचा, वॅगनी मागवायच्या, विक्री करायची आणि पैसा ज्याचा त्याला द्यायचा. नावात 'सोसायटी' आहे, हे लक्षात ठेवा. केळीचा हा इतिहास पिकाइतकाच सहकाराचाही आहे.

हा विचार त्या मातीत अचानक उगवला नाही. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू, मंडपाची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांची, स्थानिक पुढाऱ्यांत धनाजी नाना चौधरी, आणि लोक जमवायला गावोगाव फिरणारे साने गुरुजी. तिथे शेतकऱ्यांसाठी जो कार्यक्रम मंजूर झाला, त्यात कर्जाच्या आणि शेतसाऱ्याच्या ओझ्याबरोबर सहकारी शेतीचाही उल्लेख होता. ज्या शेतकऱ्यांनी त्या मांडवाखाली बसून हे ऐकलं, त्यांच्याच पट्ट्यात पुढे सहकाराने जोर धरला.

मग मोटेची जागा ऑइल इंजिनाने घेतली, इंजिनाची विजेच्या पंपाने. १९८२ च्या सुमारास भुसावळजवळ तापीवर हतनूर धरण झालं. त्याआधी आणि नंतर सातपुड्याच्या पायथ्याशी सुकी, मोर यांसारख्या नद्यांवर लहान-मध्यम धरणं झाली. केळीचं क्षेत्र वाढत गेलं. पाटाने पाणी द्यायचं, सरीत तुडुंब भरायचं, आणि अठरा महिन्यांनी घड कापायचा, अशी तेव्हाची पद्धत.

इथे एका माणसाचं नाव घ्यावंच लागतं. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन. १९७८ मध्ये त्यांनी बंद पडलेला केळी भुकटीचा कारखाना विकत घेतला. केळीची पावडर करून विकायचा तो प्रयोग फसलेला होता. त्याच यंत्रांवर त्यांनी कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन काढलं आणि निर्यात केलं. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक सिंचन आणि १९९० च्या दशकात केळीची टिश्यूकल्चर रोपं त्यांच्या कंपनीने शेतकऱ्यांपर्यंत नेली. जळगावला राहुरी कृषी विद्यापीठाचं केळी संशोधन केंद्रही आहे. तिथल्या शास्त्रज्ञांचा आणि प्रयोग करायला तयार असलेल्या शेतकऱ्यांचा यात मोठा हात आहे.

टिश्यूकल्चर म्हणजे काय, ते मुलांसाठी सोपं करून सांगतो. आपण खातो त्या केळ्यात पेरता येईल असं बी नसतं. मधले काळे ठिपके हे बियांचे नुसते अवशेष. म्हणून पूर्वी झाडाच्या बुडाशी फुटणारे मुनवे, कंद काढून लावायचे. त्यात काही कंद मोठे, काही लहान, काही रोगट. बाग पुढे-मागे यायची. टिश्यूकल्चरमध्ये निरोगी झाडाच्या कोंबाचा अगदी बारीक तुकडा घेऊन काचेच्या बाटलीत वाढवतात. हजारो रोपं एकसारखी, एकाच वयाची. त्यातून ग्रँड नैन ही जात आली. फ्रेंच शब्द आहे, अर्थ 'मोठा बुटका'. आपल्या शेतकऱ्याने त्याचं सरळ 'जी-नाईन' करून टाकलं. अठरा महिन्यांचं पीक अकरा-बारा महिन्यांवर आलं, घड वीस-पंचवीस किलोपर्यंत गेला, आणि ठिबकमुळे पाणी चाळीस-पन्नास टक्के वाचलं.

२०१६ मध्ये 'जळगाव केळी'ला भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावाने ती नोंद आहे. २०२१ मध्ये त्याच तांदलवाडीची २२ टन केळी दुबईला गेली. ऐकून छाती फुगते, आणि फुगायलाच हवी.

आता नाण्याची दुसरी बाजू. रौप्यमहोत्सवात नाण्याची दुसरी बाजू दाखवायला हरकत नसावी!

ठिबकने पाणी वाचलं, पण वाचलेलं पाणी जमिनीत राहिलं का? नाही. ज्याचं दोन एकराचं पाणी वाचलं, त्याने चार एकर केळी लावली. शेजाऱ्याने त्याची बाग पाहून आपली बोअर आणखी खोल नेली. एका एकरात पाच बाय पाच फुटांवर सतराशेच्या वर झाडं बसतात. एका झाडाला दिवसाला पंधरा लिटर धरलं, तरी एकराला रोज पंचवीस हजार लिटर झालं. ही उपशाची बाजू. मुरण्याच्या बाजूला फक्त पाऊस. जिथे मोटेने पाणी निघत होतं, तिथे आज शेकडो फूट खोल बोअर आहेत. भिंत नसलेलं ते धरण रावेर-यावलच्या माणसांनी दोन पिढ्यांत उपसत आणलं. यात कुणी एक वाईट माणूस नाही. प्रत्येकाने आपल्या लेकराबाळांसाठी शहाणपणाचंच केलं. पण प्रत्येकाचं शहाणपण बेरजेला धरलं, तर उत्तर वजाबाकीचं आलं.

१० मे २०२५ रोजी भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी तापी खोरे मेगा रिचार्ज योजनेच्या करारावर सह्या केल्या. तापीच्या पुराचं पाणी अडवून कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी न्यायचं आणि त्या बझाडा पट्ट्यात मुरवायचं, अशी कल्पना आहे. विचार करा, निसर्ग जे काम फुकट करत होता, ते आता दोन राज्यांनी मिळून कालवे खणून करायचं आहे.

दुसरं संकट रोगाचं. टिश्यूकल्चरची सगळी रोपं एकसारखी, हा फायदा मी सांगितला. तोच धोकाही आहे. एकाला जो रोग लागतो, त्याला तोंड देण्याची ताकद दुसऱ्याकडेही नसते. करपा आहे, अलीकडे सीएमव्ही विषाणूने कोवळ्या बागाच्या बागा उपटायला लावल्या. एकेकाळी जगाच्या बाजारात ग्रॉस मिशेल नावाच्या केळीचं राज्य होतं. पनामा नावाचा मर रोग आला आणि १९५०-६० च्या सुमारास ती जात बाजारातून संपली. तिच्या जागी आली कॅव्हेंडिश. आपली बसराई आणि जी-नाईन दोन्ही त्याच कुळातल्या. आता त्या कुळाला लागणारा पनामाचा नवा प्रकार बिहार-उत्तर प्रदेशच्या बागांत पोचला आहे. तो मातीतून, रोपांतून, अवजारांना चिकटून पसरतो. एका शेतकऱ्याने काळजी घेऊन भागत नाही. सगळ्या शिवाराने घ्यावी लागते.

आणि तिसरं म्हणजे भाव. रावेरचा भाव, बऱ्हाणपूरचा भाव रोज जाहीर होतो. पण बांधावर व्यापारी त्यापेक्षा कमीच बोलतो, हे गाऱ्हाणं केळीपट्ट्यातल्या कुठल्याही पारावर ऐकायला मिळेल. फ्रूटसेल सोसायट्यांचा जोर ओसरला, ट्रक थेट वावरात येऊ लागले, आणि शेतकरी पुन्हा एकेकटा झाला. तिकडे सोलापूर जिल्ह्यात करमाळा-टेंभुर्णीच्या बाजूला उजनीच्या पाण्यावर केळी उभी राहिली. पॅकहाऊस, शीतगृहं झाली, आणि निर्यातीत त्यांनी आपल्याला मागे टाकलं. आपला माल कमी प्रतीचा नाही. पण माल एकत्र करणं, निवडणं, थंड ठेवणं ही कामं एकट्याच्या आवाक्यातली नाहीत.

आता आपल्या गिरणेकडे येऊ. आपल्या तालुक्यात जामद्याला गिरणेवर इंग्रजी अमदानीतला बंधारा आहे. त्याचे डावा आणि उजवा कालवे आजही वाहतात. १९६९ मध्ये नांदगाव तालुक्यात गिरणा धरण पूर्ण झालं. या पाण्यावर चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याकडे कांदेबाग केळी, ऊस, लिंबू, मोसंबी होते. पण धरणाचं पाणी पावसाच्या मर्जीवर. २०१९ ला ते भरलं, तेव्हा बऱ्याच वर्षांनी भरलं म्हणून लोक बघायला गेले होते. आणि जास्त पाऊस झाला तरी भोगावं लागतं. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांचा पूर आपल्या गावात शिरला, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, ते इथे कुणालाच विसरता येणार नाही. म्हणजे एका वर्षी पाणी घरात, दुसऱ्या वर्षी टँकर दारात.

याच खान्देशात पाण्याची एक फार जुनी रीत आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेवर, बागलाणात मोसम नदीवर, फड पद्धत. नदीवर लहान बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे साधारण चार भाग, म्हणजे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक, आणि पुढच्या वर्षी पीक फिरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांची मजुरी सगळ्यांनी मिळून धान्यात द्यायची. शेतकऱ्याची जमीन बहुतेक वेगवेगळ्या फडांत वाटलेली असायची. पाणी कमी असलं, की एखादा फडच कोरडा ठेवायचा. म्हणजे तोटा सगळ्यांना थोडा-थोडा, एकट्याला पूर्ण नाही. सरकारी खातं नाही, पोलीस नाही, आणि तरी ही रीत शेकडो वर्षं चालली. मी तर म्हणेन, फड म्हणजे पाण्याची सहकारी सोसायटीच. पाटकरी म्हणजे आपला व्हॉल्व्ह सोडणारा वॉचमन, आणि धान्य म्हणजे मेंटेनन्स. फरक एवढाच, की तिथे मेंटेनन्स थकलेला असायचा नाही!

(इथे खजिनदारांनी सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या, याची नोंद व्हावी.)

तर सुरुवातीचा प्रश्न. रौप्यमहोत्सवात केळी कुठून आली? या गोष्टीत आपलाच हिशेब आहे, म्हणून आली. केळीपट्टा वर आला तो माणसं वॅगनीसाठी, विक्रीसाठी, पाण्यासाठी एकत्र आली तेव्हा. आणि अडचणीत आला तो प्रत्येकाने आपापली बोअर खोल नेली तेव्हा. आपल्याकडेही उन्हाळ्यात बोअरचा आवाज बदलला, की दोन बैठका होतात. एक गट म्हणतो, आणखी शंभर फूट खाली जाऊ. दुसरा म्हणतो, नवीन पॉइंट बघू. पण आपल्या खाली तापीकाठचा गाळ नाही, पाषाण आहे. रावेरवाल्याकडे उपसायला दोन पिढ्यांचं पाणी होतं. आपल्याकडे तेवढी पुंजी नाही.

साधा हिशेब मांडतो, मुलांनी पडताळून पाहावा. शंभर चौरस मीटर गच्ची, वर्षाचा पाऊस ६५० मिलिमीटर धरला. म्हणजे त्या एका गच्चीवर पासष्ट हजार लिटर पाणी पडतं. वीस टक्के वाया गेलं तरी बावन्न हजार उरतं. अशा दहा गच्च्यांचं पाणी होतं पाच लाख वीस हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे बावन्न टँकर. आज ते पन्हाळीतून गटारीत जातं आणि तिथून तितूरच्या पुरात भर घालतं.

कमिटीपुढे माझी विनंती आहे. रौप्यमहोत्सवाची आठवण म्हणून कमान बांधायची की कारंजं, यावर चर्चा चालू आहे. कमान जरूर बांधा. पण त्याआधी गच्च्यांचं पाणी एकत्र आणून खडी-वाळूच्या गाळणीतून जमिनीत मुरवायची सोय करा. पहिल्या एक-दोन पावसांचं घाण पाणी सोडून द्यायचं आणि मग पुढचं आत घ्यायचं. पाषाणात सगळीकडे पाणी मुरत नाही, म्हणून जागा ठरवण्याआधी भूजल सर्वेक्षण विभागाच्या माणसाला बोलवा. आणि बोअरमधली पाण्याची पातळी दर महिन्याला मोजून नोटीस बोर्डावर लिहा. आपण मेंटेनन्सची थकबाकी बोर्डावर लावतो ना, तशीच पाण्याचीही लावू. आकडा रोज डोळ्यांसमोर असला, की माणूस नळ जरा लवकर बंद करतो.

हे काम एका फ्लॅटवाल्याचं नाही. वरच्या मजल्यावरच्याची गच्ची, खालच्याचं अंगण, आणि पाणी सगळ्यांचं. म्हणूनच ते सोसायटीचं काम आहे. पन्नासाव्या वर्षी, सुवर्णमहोत्सवात, आज या सतरंजीवर बसलेल्यांपैकी कुणीतरी इथे भाषणाला उभं राहील. त्या वेळी बोअरला पाणी असेल, तर आपली कमिटी चांगली होती असं त्याला वेगळं सांगावं लागणार नाही.

बाहेर जेवणाची तयारी झाली आहे, आणि केळीचे वेफर्स खास सावद्याहून आणले आहेत, असं मला सांगण्यात आलं आहे. तेव्हा आता जास्त वेळ घेत नाही.

जय हिंद, जय महाराष्ट्र, आणि राम राम मंडळी!